भाच्यासाठी गिअरचा डबा: रेसिंग सिम्युलेटरच्या प्रकल्प नोंदी

रविवार, २ मार्च २०२५, रामबाग, इंदूर

भाच्याला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं असतात, पण गाडीचा गेम खेळताना तो ती काढून ठेवतो. यंत्रावर हेडफोन दाबला की शिट्टी वाजते. यंत्रातून बाहेर पडलेला आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि गोल फिरत राहतो. स्पीकर मोठा करावा तर पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असते. त्यामुळे तो आवाजाशिवायच खेळतो.

आज त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि असेत्तो कोर्सा या शर्यतीच्या गेममध्ये इटलीतल्या मोन्झा ट्रॅकच्या दहा फेऱ्या नुसत्या पाहिल्या. मोन्झाची फेरी ५.७९३ किलोमीटरची. मुख्य सरळ पट्टा संपतो तिथे पहिली शिकेन, म्हणजे लागोपाठची उलटसुलट वळणं, येते आणि भरवेगातून एकदम खाली उतरावं लागतं. आमच्या सहा गिअरच्या गाडीला सहाव्यातून दुसऱ्यात, म्हणजे स्टीअरिंगमागची गिअर उतरवायची पट्टी, डावं पॅडल, चार वेळा. जोरात ब्रेक दाबलेला असताना चार टिचक्या मोजायच्या. दहापैकी चार वेळा तो तिसऱ्यातच वळणात शिरला. एकदा पहिल्यात गेला, मागची चाकं अडकली आणि गाडी गर्रकन फिरली.

प्रत्येक वेळी त्याची नजर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात जात होती, गिअरचा बारीक आकडा शोधायला. मॉनिटर एकच, २४ इंची, आणि दृश्याचा कोन खरा वाटावा म्हणून अरुंद ठेवलेला, त्यामुळे गाडीचा डॅशबोर्ड चित्रात येतच नाही. ब्रेकिंगच्या खुणेवरून नजर काढून खाली नेणं आणि परत आणणं, एवढ्यात वळण आलेलं असतं.

मी खेळतो तेव्हा गिअरकडे कधीच बघत नाही. मला वाटायचं सवय आहे. सवय वगैरे काही नाही, इंजिनचा आवाज सांगतो म्हणून बघावं लागत नाही.

त्याला विचारलं, "मोठा आकडा बाहेर ठेवला तर?" तो ओठ वाचून म्हणाला, "मामा, स्टीअरिंगच्या वर. अगदी समोर नको."

मंगळवार, ४ मार्च

ड्रॉवरमध्ये एक अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड, आहे आणि आठ बाय आठ ठिपक्यांचं एलईडी मॅट्रिक्स, मॅक्स ७२१९ चिपवालं. तारा फक्त पाच: पाच व्होल्ट, ग्राउंड, आणि डेटाच्या तीन. तासाभरात आकडे दिसू लागले. ठिपके आपले आपण मांडायचे असल्यामुळे मी देवनागरी आकडेच काढले, १ ते ६. आईने दारातून पाहून "छान दिसतंय" म्हटलं.

बुधवार, ५ मार्च

गेममधला गिअर बाहेर कसा काढायचा हा खरा प्रश्न होता, आणि तो वाटला होता त्याहून सोपा निघाला. असेत्तो कोर्सा चालू असताना संगणकाच्या मेमरीत काही पानं उघडी ठेवतो, दुसरा प्रोग्राम ती वाचू शकतो. त्यातलं एक पान फिजिक्सचं. सुरुवातीला चार बाइटचा पाकीट क्रमांक, मग अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक, इंधन, प्रत्येकी चार बाइट. हे सोळा सोडले की पुढचे चार बाइट म्हणजे गिअर आणि त्यापुढचे चार म्हणजे आरपीएम, इंजिनचे मिनिटाला फेरे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत वीस ओळींत काम झालं.

प्रोग्राम दर दहा मिलिसेकंदांनी पान वाचतो आणि यूएसबीवरून नॅनोला कळवतो. पहिल्या चाचणीत डब्यावर सतत एक गिअर जास्त दिसत होता. त्या पानावर ० म्हणजे रिव्हर्स, १ म्हणजे न्यूट्रल आणि २ म्हणजे पहिला गिअर, त्यामुळे एक वजा करायला हवा.

आणखी एक गोष्ट. गेम बंद असला तरी डबा रिव्हर्स दाखवायचा. गेमने पान उघडलेलं नसेल तर पायथन त्याच नावाचं कोरं पान स्वतः तयार करतो, त्यात सगळीकडे शून्य, आणि शून्य म्हणजे रिव्हर्स. आता पाकीट क्रमांक सेकंदभर हलला नाही तर डबा विझतो.

रविवार, ९ मार्च

पहिली खरी चाचणी, आणि ती फसली. गिअर बदलल्यावर आकडा जवळजवळ सेकंदभराने बदलत होता. एका सेकंदात मोन्झाच्या पट्ट्यावर गाडी साठ-सत्तर मीटर जाते. भाचा तीन फेऱ्यांनंतर थांबला आणि म्हणाला, "याच्यापेक्षा नसलेला बरा. हा खोटं सांगतो."

वाईट वाटलं, पण त्याचं बरोबर होतं.

त्याने दुसरंही एक सांगितलं. समोर बघत असताना ३ आणि ६ वेगळे ओळखू येत नाहीत. कागदावर लिहून पाहिलं: दोन्ही आकडे एकमेकांचे आरशातले जुळे वाटावेत असे. नीट बघून वाचायला काहीच अडचण नाही, पण नजरेच्या कडेने डावं-उजवं कळत नाही. डोळ्याच्या मधल्या छोट्या भागालाच बारकावा दिसतो. कडेला उजेड आणि हालचाल चटकन कळते, आकार नाही. म्हणजे आकडा मोठा हवा, जाड पट्ट्यांचा हवा. देवनागरी आकडे सोडायचं जिवावर आलं, पण डबा गाडी चालवणाऱ्यासाठी आहे.

सोमवार, १० मार्च

उशिराचं कारण सापडलं. नॅनोच्या प्रोग्राममध्ये मी आलेला मजकूर अख्खा वाचण्याची तयार सूचना वापरली होती. मजकूर संपला हे तिला कळत नाही, म्हणून आणखी काही येतंय का याची ती वाट बघत बसते, आणि ही वाट मुळात १००० मिलिसेकंदांची असते. हाच तो सेकंद.

आता संगणकाकडून गिअरसाठी एकच अक्षर येतं आणि आल्याबरोबर वापरलं जातं. बॉड रेट, म्हणजे तारेवरून मजकूर जाण्याचा वेग, तोही ९६०० वरून ११५२०० केला. एका अक्षराला आधी सुमारे एक मिलिसेकंद लागायचा, आता त्याचा बारावा हिस्सा लागतो. फरक डोळ्यांना दिसणारा नाही, पण करून टाकला.

मंगळवार, ११ मार्च

ऑफिस सुटल्यावर जेल रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. सात पट्ट्यांचा, २.३ इंची, लाल, एकच आकडा दाखवणारा एलईडी डिस्प्ले. सोबत यूएलएन २००३ ही चिप, रेझिस्टरची पाकिटं, झिरो पीसीबी (भोकांची कोरी पाटी), बर्ग स्ट्रिप (जोडणीच्या पिनांची पट्टी).

एवढ्या मोठ्या आकड्याला नॅनो थेट चालवू शकत नाही. प्रत्येक पट्टीत चार एलईडी एकामागे एक असतात, म्हणून एका पट्टीला सात-आठ व्होल्ट लागतात आणि नॅनोकडे पाचच. मध्ये यूएलएन २००३ बसवायची. तिच्यात सात ट्रान्झिस्टर जोड्या असतात आणि आकड्याला पट्ट्याही सात. पण ही चिप प्रवाह फक्त ग्राउंडकडे ओढते, त्यामुळे आकडा कॉमन अ‍ॅनोडच, म्हणजे सगळ्या पट्ट्यांची धन बाजू एकत्र जोडलेला हवा. दुकानात दोनदा विचारलं. "भिया, कॉमन एनोड ही है।"

बुधवार, १२ मार्च

घरी येऊन पायांना तारा सोल्डर केल्या आणि मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर पट्ट्या तपासल्या. एकही पेटेना. उलटसुलट लावून पाहिलं, तरी नाही. आकडा मेलेला आहे असं वाटून रात्री साडेअकरापर्यंत हताश बसलो होतो.

मग लक्षात आलं की मीटर डायोडला दोन-तीन व्होल्टच देतो. चार एलईडींच्या माळेला तेवढ्याने काय होणार? नऊ व्होल्टची बॅटरी घेतली, एक किलोओहमचा रेझिस्टर लावला, आणि पट्टी पेटली. मंद, पण स्वच्छ लाल. पट्टीवर ७.६ व्होल्ट मोजले. एवढा मोठा आकडा घेणाऱ्याने हे आधी करावं, मीटरवर विसंबू नये.

पेटली खरी, पण उलट्या बाजूने. हा कॉमन कॅथोड आहे, ऋण बाजू एकत्र जोडलेला.

गुरुवार, १३ मार्च

दुकानदार बदलून द्यायला तयार नाही, पायांना सोल्डर लागलंय म्हणतो. दोनदा विचारून घेतलेली वस्तू चुकीची निघाली याचा राग आला. पण न तपासता सोल्डर मीच केलं होतं, हेही खरं. उद्या धूळवड, बाजार बंद.

सोमवार, १७ मार्च

दुसऱ्या दुकानात कॉमन अ‍ॅनोड मिळाला. या वेळी बॅटरी आणि रेझिस्टर खिशात नेले होते. काउंटरवरच सातही पट्ट्या आणि ठिपका पेटवून पाहिला, मगच पैसे दिले. दुकानातला मुलगाही वाकून बघत होता.

बुधवार, १९ मार्च, रंगपंचमी

राजवाड्याकडचे रस्ते गेरमुळे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे, सकाळपासून बंद. रंगाचे टँकर, ढोल, गच्च्यांवर माणसं. लहानपणापासून एकही गेर चुकवली नव्हती. यंदा घरी बसलो, दिवसभर सोल्डर केलं.

हिशोब असा. अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा. त्यातून पट्टीचे ७.६ गेले, चिपमध्ये साधारण ०.९ गेले, उरले ३.५. पट्टीत २० मिलिअँपिअर हवेत, म्हणजे १७५ ओहम. बाजारात मिळतो तो जवळचा १८०. सात पट्ट्यांना सात रेझिस्टर. सगळ्या पेटल्या तरी १४० मिलिअँपिअर, एक अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरला हे काहीच नाही.

सात रेझिस्टर एका रांगेत उभे केले, सोनेरी पट्टी सगळ्यांची खालच्या बाजूला. विजेला त्याने फरक पडत नाही, पण पुढे कधी उघडून बघताना चूक पटकन दिसते. सोल्डरचा थेंब चमकदार आणि पायाकडे उतरता आला पाहिजे. गोळीसारखा फुगून बसला तर तो धरलेला नाही. दोन ठिकाणी तसं झालं, दोन्ही परत तापवून घेतले.

चार वाजता लावलं. आकडा नाही. दोन पट्ट्या मधूनच मंद पेटायच्या, हात तारेजवळ नेला की बदलायच्या. तासभर चिपवर संशय घेतला. शेवटी दिसलं की अ‍ॅडॉप्टरची काळी तार चिपला आहे, पण नॅनोच्या ग्राउंडला नाही. नॅनो पाच व्होल्ट देत होता, पण ते कशाच्या तुलनेत हे चिपला कळत नव्हतं. वीतभर तार जोडली आणि १ उमटला. मग २, ३, ओळीने सगळे. रिव्हर्सला लहान आर, न्यूट्रलला लहान एन. मोठे आर आणि एन सात पट्ट्यांत होत नाहीत.

खालून ढोलाचा आवाज येतच होता.

रविवार, २३ मार्च

दुसरी चाचणी. डबा अजून उघडाच, पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावलेला.

आधी उशीर मोजला. फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं निघतात, म्हणजे एक चित्र चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. मॉनिटर आणि आकडा एका चौकटीत धरले आणि भाच्याने वीस वेळा गिअर बदलला. स्क्रीनवरचा आकडा बदलण्याच्या आधी आमचा आकडा बदलत होता! पाच ते सात चित्रं आधी. गेमला चित्र रंगवायला आणि मॉनिटरला ते दाखवायला वेळ लागतो, एलईडीला तसलं काही करावंच लागत नाही. भाच्याने तो व्हिडिओ चार वेळा पाहिला.

तक्रारी तीन. रात्री आकडा डोळ्यात खुपतो. गिअर बदलताना मध्येच एन चमकतो, कारण या गाडीत बदल पूर्ण होईपर्यंत गेम क्षणभर न्यूट्रल सांगतो. आणि ५ व ६ मध्ये गोंधळ होतो. सात पट्ट्यांच्या इंग्रजी आकड्यांत त्या दोघांत फक्त एका पट्टीचा फरक असतो, डावीकडे खाली.

त्यावर उपाय त्यानेच सुचवला. सहाव्या गिअरला आकड्याशेजारचा ठिपका पेटवायचा.

मंगळवार, २५ मार्च

१८० चे रेझिस्टर काढून ४७० चे लावले. पट्टीतला प्रवाह साडेसात मिलिअँपिअरच्या आसपास आला, उजेड सौम्य झाला. एन आता तीनशे मिलिसेकंद टिकला तरच दिसतो, तोपर्यंत आधीचा आकडा तसाच राहतो.

ठिपक्याला आठवी वाट हवी आणि यूएलएन २००३ मध्ये सातच. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावला. ठिपक्यात दोनच एलईडी आहेत, ३.८ व्होल्ट, म्हणून त्याला रेझिस्टर मोठा, एक किलोओहमचा, नाहीतर तो आकड्यापेक्षा प्रखर दिसला असता.

डब्यासाठी स्विचबोर्डचा प्लास्टिकचा सरफेस बॉक्स. पाट्या करणाऱ्याकडून काळपट अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापून आणला, तो समोर. विझलेल्या पट्ट्या त्यातून दिसत नाहीत, पेटलेल्याच दिसतात.

गुरुवार, २७ मार्च

आज जे सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं.

गिअर उतरवणं आता सुधारलं आहे. चढवणं नाही. भाचा अजून कमाल आरपीएमला आपटल्यावरच पॅडल ओढतो, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. म्हणून डब्यावर निळ्या एलईडी पट्टीचा तीन दिव्यांचा तुकडा बसवला, बारा व्होल्टचा, त्यालाही एक बीसी ५४७. आधी विचार होता की आकडाच लुकलुकवावा. पण नेमका गिअर बदलताना आकडा वाचता येणार नाही, म्हणून वेगळा दिवा.

दिवा कमाल आरपीएमच्या २०० अलीकडे पेटवला. कमाल किती, हे गेम दुसऱ्या एका पानावर गाडीमागे सांगतो. स्वतः आवाज बंद करून चालवून पाहिलं. पहिल्या गिअरमध्ये दिवा दिसेपर्यंत इंजिन वर आपटलेलं, पाचव्यात मात्र दिवा फार लवकर पेटतोय असं वाटलं.

मग आवाज चालू केला आणि डोळे आकड्यावरून काढले. मी केव्हा पॅडल ओढतो? ठरावीक सुरावर नाही. सूर किती झपाट्याने चढतोय ते ऐकून, तो वर पोचण्याच्या आधीच बोट हलतं. कान मला आरपीएमचा आकडा सांगतच नव्हता, तो चढ सांगत होता. भाच्यासाठी मी तीन आठवडे आकडाच मोठा करत बसलो होतो.

रात्री प्रोग्राम बदलला. आता तो गेल्या दशांश सेकंदात आरपीएम किती वाढली ते बघतो आणि त्यावरून पाव सेकंदानंतर किती असेल याचा अंदाज काढतो. डोळ्याने दिवा पाहून बोट हलायला साधारण तेवढा वेळ लागतो. तो अंदाज हद्द ओलांडत असेल तर दिवा. आमच्या गाडीत पहिल्या गिअरला आरपीएम सेकंदाला सुमारे ३००० ने चढते, म्हणजे दिवा ७५० आधी लागतो. पाचव्यात सेकंदाला ४०० ने, तिथे फक्त १०० आधी. प्रत्येक गिअरसाठी वेगळा आकडा भरून ठेवायची गरज उरली नाही, गाडी बदलली तरी चालतं.

रविवार, ३० मार्च २०२५, पाडवा

सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली. ताई आणि भाचा जेवायलाच आले होते. डबा त्याने स्वतः मॉनिटरच्या खालच्या कडेला, मध्यापासून थोडा डावीकडे बसवला.

वीस फेऱ्या. पहिल्या शिकेनमध्ये अठरा वेळा दुसऱ्या गिअरमध्ये शिरला. मी पूर्ण वेळ त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. नजर एकदाही खाली गेली नाही. ताई दारात उभी राहून बघत होती, तिने मला विचारलं की निळा दिवा कशाचा. मी सांगितलं. ती बराच वेळ तिथेच उभी होती.

एक दोष अजून आहे. शिकेनच्या कडेवरच्या उंचवट्यावरून जाताना मागचं चाक क्षणभर हवेत उचललं जातं, भार निघून गेल्यामुळे आरपीएम उसळते आणि निळा दिवा उगाच चमकून जातो. निघताना चाकं जागच्या जागी घसरली तरी तेच होतं. अंदाजाचा प्रोग्राम त्या उसळीलाच चढ समजतो. सरासरी जास्त वेळाची घेतली की हे जाईल. मी लॅपटॉप उघडून आकडा बदलायला घेतला.

भाच्याने माझा हात धरला. "राहू दे मामा. चाक सुटलं की तो सांगतो."

ती ओळ होती तशीच ठेवली. यूएसबीची तार अर्धा मीटर लांब हवी आहे, त्याला सीट मागे घ्यायची आहे.